साध्या पंपाचं बटण

दीपमालेचा फोटो बबितानं काढला. मारेगावात बसस्टँडसमोरच्या मोबाईलच्या दुकानात बबिता कामाला होती, आणि त्या दुकानाची मागची भिंत नुकतीच पांढरी रंगवली होती. तिच्यापुढं दीपमालेला उभं करून बबितानं आधी तिच्या खांद्यावरची ओढणी सारखी केली, मग दोन पावलं मागं जाऊन मोबाईल धरला.

"इतकी नोको हासू व. साखरपुड्याचा फोटो थोडीच आहे हा."

"मग कशी हासू?"

"नोकरी तुले आधीच भेटली आहे, अन् तू उगाच अर्ज करून राह्यली. तशी."

त्यावर, चौथ्या खेपेला, दीपमालेला जे हसू आलं तेच फोटोत उतरलं, आणि तोच फोटो लिंक्डइनवर गेला.

दोघी एकाच शाळेतल्या. बबिता जवळच्या तांड्यावरची, फुलसिंगची पोरगी. बारावीनंतर तिचं शिक्षण सुटलं, पण बोलणं काही सुटलं नाही. रिचार्जला आलेलं गिऱ्हाईक जाताना मोबाईलचं कव्हर घेऊनच जायचं, असं तिचं बोलणं. दीपमाला मात्र यवतमाळला होस्टेलात राहून कॉम्प्युटर इंजिनिअर झाली. वडील उकंडा जिनिंगवर कापसाच्या गठाणी उचलायचे, आई रुखमाबाई अंगणवाडीत मदतनीस होती. गावातली पहिली इंजिनिअर पोरगी म्हणून बुद्धविहारात तिचा सत्कार झाला, त्याला आता वर्ष होऊन गेलं होतं. कॉलेजात कंपन्या आल्याच नाहीत. घरी बसून ती रोज अर्ज पाठवायची आणि उत्तर कुठूनच यायचं नाही, नकाराचंसुद्धा नाही. विहारात भेटलेल्या बाया विचारायच्या, "काय व, लागली का कुठं?" मग तिनं विहारात जाणं कमी केलं.

फोटो बदलायला सांगितलं होतं राजदीपनं. राजदीप वणीचा, कॉलेजात तिच्या बराच पुढं होता, आता पुण्यात एका कंपनीत होता. विदर्भातल्या पोरापोरींना तो फोनवरून वाट दाखवायचा, फुकट आणि मनापासून. एका रविवारी त्यानं दीपमालेचं प्रोफाइल उघडून समोर ठेवलं आणि फोन केला.

"हे प्रोफाइल नाही दीपमाला, ही शाळेची हजेरी आहे. नाव, गाव, मार्क. तो आधारकार्डावरचा फोटो आधी काढ. 'मेहनती' अन् 'प्रामाणिक' हे शब्द काढ, ते सगळेच लिहितात. अन् प्रोजेक्ट काय टाकला? ग्रंथालयाचा. तो मीही टाकला होता, अन् माझ्या आधीच्यानंही."

"मग काय टाकू दादा?"

"तू स्वतः केलेलं काहीतरी. जे खरी माणसं वापरतात. पुण्यामुंबईच्या पोरांपाशी जे नाही ते तुझ्यापाशी काय आहे, ते पहा. मुलाखत घेणारा तिथं थांबला पाहिजे."

दीपमाला बरेच दिवस विचार करत होती की आपल्यापाशी असं काय आहे. दोन हजार सतराचा तो पावसाळा. त्या साली कापसाची पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. पानं दाट, आत शिरलं की माणूस दिसायचा नाही. बोंडअळी आवरेना म्हणून दुकानदार नवीन नवीन औषधं देत होते, दोन दोन एकत्र करून मारा म्हणत होते. बाटलीवरचं सगळं इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. उंच पिकावर मारायचं म्हणून नळी वर धरावी लागे आणि औषध तोंडावर यायचं. फवारणी करणारे मजूर चक्कर येऊन पडत होते, यवतमाळच्या दवाखान्यात नेले जात होते. काही परत येत नव्हते. पेपरात रोज काही ना काही छापून येत होतं.

तिथंच तिला सुचलं. मोबाईलवर औषधाचं चित्र निवडायचं, पंप निवडायचा, की किती झाकणं टाकायची, किती पाणी, तोंडाला काय बांधायचं, ते कळलं पाहिजे. पाठीवरचा साधा पंप असला तर एक झाकण. पेट्रोलचा पंप पाणी कमी फेकतो म्हणून त्यात औषध घट्ट लागतं, तीन झाकणं. कृषी विभागाच्या पुस्तिका तिनं जमवल्या, कृषी सहायकाला दोनदा भेटली, आणि दिवसचे दिवस खपून ते अॅप बनवलं. नाव ठेवलं 'फवारणी सोबती'. लोकांचं भलं व्हावं असं तिला वाटत नव्हतं असं नाही. पण बटणांचा रंग निवडताना, पहिल्या पानावर चित्र बसवताना तिच्या डोळ्यापुढं फवारणारा गडी नव्हता. पुण्यात कुठंतरी काचेच्या खोलीत बसून तिचं प्रोफाइल पाहणारं माणूस होतं.

राजदीपनं ते पाहिलं आणि म्हणाला, "बेस्ट! आता ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आवाज टाक. अन् दुसरी एखादी भाषा असेल तर बघ, प्रोफाइलवर ते एकदम वजनदार दिसतं."

मराठीचा आवाज दीपमालेनं स्वतःचाच दिला. गोरमाटीचा दिला बबितानं. दुकान बंद असण्याच्या दिवशी दोघी अंगणवाडीच्या खोलीत दार लावून बसल्या. दीपमाला मराठीत वाचून दाखवायची, बबिता ते तांड्याच्या बोलीत म्हणायची. एकेक औषध, आधी साध्या पंपाचं माप, मग पेट्रोल पंपाचं. मध्येच बबिताला हसू आवरेना.

"काय झालं व?"

"अवं, 'तोंडाला स्वच्छ रुमाल बांधा' म्हणून राह्यली मी. आमचा बा ऐकन तर म्हणन, पोरगी मले आता हातपाय धुवाले बी शिकवते."

ती क्लिप वाया गेली. त्यांनी ती पुन्हा म्हणून घेतली. घरी येऊन दीपमालेनं सगळे आवाज ओळीनं एकेका बटणाला जोडले. मराठीची बटणं तिनं दाबून पाहिली. गोरमाटीची पहिली दोनतीन पाहिली, बरोबर होती. बाकीची पाहायची राहिली. मुलाखतीत ती कोणी दाबणार नव्हतं. तिथं गोरमाटी कोणाला कळणार होती?

अॅप पसरवायचं कामही बबितानंच केलं. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाईलात ती ते टाकून द्यायची, बोलता बोलता. त्या वर्षी स्वस्तातलं इंटरनेट गावोगावी पोचलं होतं, पण हे इंटरनेटशिवायही एका मोबाईलातून दुसऱ्यात जायचं. तांड्यातांड्यांतून ते गेलं. फुलसिंगला बबितानं आपला जुना मोबाईल दिला. चार लोक जमले की तो साध्या पंपाचं तेवढं एकच बटण दाबायचा आणि लेकीचा आवाज लोकांना ऐकवायचा.

दीपमालेनं प्रोफाइलवर लिहिलं, 'शेकडो फवारणी मजूर वापरतात.' महिन्याभरात पुण्याच्या एका कंपनीकडून मेल आला. पुढच्या गुरुवारी व्हिडिओवर मुलाखत.

मग तयारी सुरू झाली. राजदीप संध्याकाळी फोनवर मुलाखत घेणारी मॅडम होऊन इंग्रजीतून प्रश्न विचारायचा आणि दीपमाला उत्तरं द्यायची. "स्वतःबद्दल सांगा" या एका प्रश्नात ती इतक्यांदा अडखळली की रुखमाबाईला ते उत्तर पाठ झालं आणि चुलीपुढून ती पुढचा शब्द सांगू लागली. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर दीपमाला गणितं सोडवायची. उकंडानं जिनिंगवरून येताना तिला पांढऱ्या कॉलरचा कुर्ता आणून दिला. कॅमेऱ्यात कॉलर दिसते, असं त्यांनी कोणाकडून तरी ऐकलं होतं. घरात बऱ्याच दिवसांनी जरा हलकं वाटत होतं.

सोमवारी दुपारी बबिताच्या दुकानमालकाचा फोन आला. फुलसिंग शेतात पडला. त्याला यवतमाळला नेलं.

दीपमाला मिळाली ती एसटी पकडून यवतमाळला गेली. सरकारी दवाखान्याच्या त्या वॉर्डात खाटा पुरत नव्हत्या. सगळे एकाच दुखण्याचे. कोणाच्या डोळ्यांवर ओल्या पट्ट्या, कोणी भिंतीकडं तोंड करून ओकत होतं. फुलसिंगचे दोन्ही हात खाटेला कापडानं बांधले होते. तो उठून पळू पाहत होता, हवेत कोणाला तरी हाकलत होता आणि तोंडातून लाळ गळत होती. खाटेच्या पायाशी त्याची बायको, बबिताची याडी, जमनाबाई भुईवर बसली होती. तिनं दीपमालेकडं पाहिलं, पण ओळखल्यासारखं काही केलं नाही.

बबिता बाहेर व्हरांड्यात भेटली. तिच्या ओढणीला औषधाचा वास येत होता.

"काय म्हणते डॉक्टर?"

"दोन दिवस पाहू म्हणते. जीव वाचन म्हणते, पर डोळ्याचं सांगता येत नाही." बबिता भिंतीला टेकली. "मले समजतच नाही व. बाकीचे गडी अंदाजानं टाकतात. आमच्या बानं तर सगळं बरोबर केलं. रुमाल बांधला. माप बी ऐकून टाकलं. शेताच्या मालकानं नवीन बाटली देल्ली, बानं मोबाईलवर लावलं, माह्या आवाजात. तीन झाकणं म्हणे. तीनच टाकले, जास्तीचं काहीच नाही."

"पेट्रोल पंप होता का?"

"पेट्रोल पंप कुठचा आला त्या शेतात? पाठीवरचा. साधा."

पाणी आणते म्हणून दीपमाला जिना उतरून खाली आली, बाहेरच्या पायऱ्यांवर बसली, कानात इअरफोन घातले आणि त्या औषधाचं चित्र निवडलं. साध्या पंपाचं बटण दाबलं. बबिताचा आवाज आला. गोरमाटी तिला फारशी कळत नव्हती, पण तीनाला तिथंही तीनच म्हणतात.

तिनं मागं मागं जाऊन एकेक बटण दाबलं. एका ठिकाणी नुसतं बबिताचं हसू ऐकू आलं. वाया गेलेली ती क्लिप काढायची राहिली होती. तिच्यामुळं पुढचे सगळे आवाज एकेक घर सरकले होते. साध्या पंपाच्या बटणाखाली आधीच्या औषधाचं पेट्रोल पंपाचं माप येऊन बसलं होतं. पडद्यावर अक्षरांत सगळं बरोबर लिहिलेलं होतं. ज्याला वाचता येत होतं त्याला धोका नव्हता.

जिना उतरणाऱ्या वॉर्डातल्या डॉक्टरांना गाठून तिनं विचारलं, मग तिथूनच राजदीपला फोन लावला. काय घडलं ते सगळं त्याला सांगितलं.

"डॉक्टर काय म्हणतात? मापामुळंच झालं का?"

"विचारलं मी. ते म्हणतात, पीक उंच, वारा, दोन औषधं एकत्र, अंगावर धड कपडा नाही. कमी टाकणारेही इथंच पडले आहेत. कशानं झालं ते एका गोष्टीवर बोट ठेवून सांगता येत नाही, म्हणतात."

"मग झालं तर. म्हणजे कोणी सिद्ध करू शकत नाही. ऐक माझं. आज क्लिपा दुरुस्त कर, नवीन चढव. गुरुवारी मुलाखत दे. चुका सगळ्यांच्याच होतात, आमच्या कंपनीत रोज होतात."

"दादा, ज्यांच्या मोबाईलात जुनं आहे त्यांना कसं कळेल? ते इंटरनेटवरून गेलंच नाही. हातोहात गेलं."

राजदीप वाईट माणूस नव्हता. तो खरंच घाबरला होता, तिच्यासाठी. "तू गावभर सांगत फिरलीस तर काय होईल, कळतं का तुला? लोक म्हणतील, हिनंच माणसं पाडली. वर्षभरात एक संधी आली..."

"हो," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ती किती वेळ पायऱ्यांवर बसली होती ते तिला कळलं नाही. माणसं तिला ओलांडून वर जात होती. गप्प राहिलं तर खरंच कोणाला काही कळणार नव्हतं. बबितालाही नाही. उद्या मंगळवार, आणि ऊन पडलं की पुन्हा सगळीकडं फवारणी. ज्या वेबसाइटवर ठेवलं होतं तिथून तिनं अॅप काढून टाकलं आणि पुन्हा जिना चढली.

बबिताला तिनं व्हरांड्यातच सांगितलं. आडवळण न घेता, उभ्या उभ्या. मोबाईल तिच्या कानाशी धरून ते बटण दाबून दाखवलं. बबितानं आपलाच आवाज ऐकला. मग तिनं तो मोबाईल हातात घेतला, पुन्हा ऐकला, आणि दीपमालेच्या अंगावर फेकला.

"माह्या तोंडानं सांगतलं तू त्याले."

"बबिता, माझी चूक आहे. तुझी नाही."

"बा कोणाचं ऐकत नाही. मालकाचं नाही, याडीचं नाही. माहा आवाज होता म्हणून ऐकला त्यानं." ती दीपमालेच्या पुढ्यात आली. "तू पाह्यलं काहून नाही? सगळं करून पाह्यते तू. फोटो चार खेपा काढला तुहा."

यावर दीपमालेपाशी उत्तर होतं, पण ते तोंडातून काढण्यासारखं नव्हतं.

"जा तू," बबिता म्हणाली. "याडीले समजाच्या आधी जा."

घरी आल्यावर तिनं आईवडिलांना सांगितलं. रुखमाबाईनं डोक्याला हात लावला.

"कोणाकोणाच्या मोबाईलात आहे ते?" उकंडानं विचारलं.

"माहीत नाही बाबा."

"मंग तांड्यापासून सुरू करू."

मंगळवारी उकंडानं जिनिंगवर सुट्टी टाकली. बाप-लेक सकाळीच तांड्यावर पोचले. तांड्याचा नायक भीमसिंग, वयस्कर माणूस. त्यानं ऐकून घेतलं आणि मंदिराच्या भोंग्यावरून दीपमालेलाच बोलायला लावलं. तिनं सांगितलं की माझ्या हातून चूक झाली आहे, ते अॅप काढून टाका, त्यातलं माप वापरू नका. ओट्याभोवती माणसं जमली. एक जण ओरडला, "फुलसिंगवर काय प्रयोग करून राह्यली होती का तू?" दुसऱ्यानं शिवी दिली. उकंडा हात जोडून लेकीच्या शेजारी उभे राहिले, आणि सगळे बोलून होईपर्यंत त्यांनी हात खाली घेतले नाहीत. जन्मभर गठाणी उचलणारे ते हात तिनं असे जोडलेले कधी पाहिले नव्हते. तिथं तिला जे वाटलं ते ती पुढं कोणाला सांगू शकली नाही.

त्यानंतर ती गावोगाव फिरली, कधी वडिलांबरोबर, कधी आईबरोबर. बांधावर जायची, मोबाईल मागायची, अॅप काढून परत द्यायची. काही जण चिडले. काहींना वाटलं सरकारची माणसं आली. एक पोरगा हसून म्हणाला, "ताई, आमी तं ते कवाचंच काढलं. गाण्यायले जागा पुरे ना." त्याच्याकडं पाहून तिला पहिल्यांदा रडू आलं.

गुरुवारी मुलाखत होती, ती तिनं टाळली नाही. मारेगावात कॉम्प्युटर क्लासवाल्यांनी एक खोली दिली. कॉलरचा कुर्ता घालून ती कॅमेऱ्यापुढं बसली. समोर पुण्याच्या मॅडम, वयानं तरुणच. सुरुवातीचे प्रश्न चांगले गेले. कॅलेंडरांच्या पाठीवर सोडवलेल्या गणितांसारखंच एक विचारलं, तेही तिनं सोडवलं. मग मॅडम हसल्या.

"आता त्या फवारणीच्या अॅपबद्दल बोलू. खरं सांगते, त्याच्यामुळंच तुम्हाला बोलावलं. किती जण वापरतात आता?"

"आता कोणी वापरत नसेल अशी आशा आहे. मी ते बंद केलं."

इंग्रजीतून तिनं ते सांगितलं. राजदीपबरोबर ह्याची तयारी झाली नव्हती, म्हणून वाक्यं मोडकी झाली, पण ती थांबली नाही. आवाज कसे सरकले, फुलसिंग, दवाखाना. मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्या पुढं झुकल्या.

"तुम्ही तपासलं नव्हतं?"

"तपासलं होतं. पण तुम्हाला जे दिसेल तेवढंच तपासलं होतं."

कुठंतरी पंखा फिरत असल्याचा आवाज येत होता, इकडचा की तिकडचा ते कळेना.

"हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं," मॅडम शेवटी म्हणाल्या.

"हो मॅडम."

"मला हे रिपोर्टमध्ये लिहावं लागेल."

"लिहा."

मॅडमनी तिला फुलसिंगची तब्येत विचारली, काळजी घ्या म्हणाल्या, आणि पडदा काळा झाला. आठवड्यानं मेल आला, दोन ओळींचा. इतक्या अर्जांनंतर तिला मिळालेला तो पहिला नकार होता.

फुलसिंग दिवाळीच्या सुमारास घरी आला. जीव वाचला, पण एका डोळ्याला अंधुक दिसू लागलं आणि हात थरथरायचे थांबले नाहीत. त्या वर्षी कापूसही धड आला नाही. बोंड उघडलं की आत गुलाबी अळी. जमनाबाई आणि बबिता वेचायला जाऊ लागल्या. बबितानं दुकान सोडलं होतं. दीपमाला दोनदा शेतावर गेली. बबितानं तिला जा म्हटलं नाही, ये म्हटलं नाही. दीपमाला शेजारची ओळ धरून संध्याकाळपर्यंत वेचत राहिली आणि बोंडांच्या टोकांनी बोटं सोलून घरी आली. दोन्ही दिवस दोघींमध्ये एक शब्द झाला नाही.

प्रोफाइलवरून तिनं ते शेकडो मजुरांचं वाक्य काढलं. त्याजागी लिहिलं, की अॅप बनवलं होतं, आवाजात गंभीर चूक निघाली, मागं घेतलं. राजदीपचा फोन आला. "असं कोणी लिहितं का प्रोफाइलवर?" तो वैतागून म्हणाला. पण त्यानं तिला फोन करणं सोडलं नाही. आठवड्यातून एकदा तो मॅडम व्हायचा, ती उत्तरं द्यायची. फरक एवढाच की आता त्याला तिच्या उत्तरांत बदल सुचवावासा वाटत नसे.

फेब्रुवारीत नागपुरात नोकरी लागली. औषधाच्या दुकानांना बिलाचं सॉफ्टवेअर करून देणारं छोटंसं ऑफिस. मालकानं प्रोफाइल धड उघडलंही नव्हतं. पगार कमी होता, आणि ती लगेच यायला तयार होती, एवढ्यावर काम झालं. विहारातल्या बायांनी पेढे मागितले. रुखमाबाईनं वाटले, पण थोडेच.

निघायच्या दिवशी दीपमाला तांड्यावर गेली. फुलसिंग झोपडीपुढच्या बाजेवर उन्हात बसला होता. जवळ जाईपर्यंत त्यानं ओळखलं नाही.

"काका, मी दीपमाला. उकंडाची."

"हाव हाव. बस. नागपूरले चालली म्हणे?"

ती बाजेच्या कडेला बसली. त्याला सगळं माहीत होतं. बबितानं स्वतःच सांगितलं होतं, हे तिला भीमसिंगकडून कळलं होतं. इतक्या दिवसांत त्याच्यापुढं यायचं धाडस तिला झालं नव्हतं. आता शब्द जुळवत होती, तोच तो म्हणाला,

"ते नोको काढू. तुह्यानं झालं का औषधानं झालं, ते डॉक्टरले नाही समजलं. मले कुठून समजन?" त्यानं थरथरता हात मांडीखाली दाबून धरला. "मले राग नाही म्हणाव तं ते बी खरं नाही. येते कधी कधी. सकाळी चहा सांडला का येते."

"हो काका."

"पर माह्या डोळ्याचं जाऊ दे. पोरीचं पाह्य. घरात बोलतच नाही ते. पह्यले मी म्हनो, बाई, जरा गप बस. आता आवाज ऐकाले तरसलो. मी हाक मारली तं हूं बी म्हणत नाही, येऊन उभी राहते फक्त."

जमनाबाई आतून पाण्याचा गडवा घेऊन आली. तो तिनं दीपमालेच्या हातात दिला नाही, बाजेवर ठेवला आणि परत आत गेली.

बबिता घराच्या मागं होती. कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या जळणासाठी मोडून मोळ्या बांधत होती. दीपमालेची पिशवी खांद्याला होती. सडकेवरून नागपूरची बस गेली की दुसरी यायला वेळ होता. तिनं पिशवी भिंतीशी ठेवली आणि एक पऱ्हाटी उचलून गुडघ्यावर मोडली. बबितानं तिच्याकडं पाहिलं नाही, पण हातातली दोरी मध्ये सरकवली.

एक मोळी झाली. दुसरी झाली. सडकेवर बस थांबल्याचा आवाज आला, कंडक्टरनं दोनदा घंटी मारली, बस गेली.

"गेली तुही गाडी," बबिता म्हणाली. आवाज बसका होता, बरेच दिवस न वापरल्यासारखा.

"जाऊ दे. दुसरी आहे."

"दुसरी वरोऱ्यापर्यंतच जाते."

"मग तिथून पाहीन."

बबितानं अजून एक मोळी ओढून घेतली. "पुढचं टोक धर," ती म्हणाली, "नाही तं सुटन."

दीपमालेनं टोक धरलं.